वाटूरच्या गाडीचं पुढचं चाक

यंदाही डिसेंबर लागला आणि आमच्या मोसंबीच्या बागेचं पाणी तोडलं. पाणी तोडलं म्हणजे कुणी भांडण काढलं असं नाही. ते आपणहून, ठरवून तोडायचं असतं. झाडाला महिना-दीड महिना तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, थोडी पिवळी पडून गळू द्यायची आणि नेमक्या दिवशी पुन्हा हलकं पाणी सोडायचं. मग झाड घाबरून म्हणा, आनंदून म्हणा, अंगभर फुलतं. ह्याला ताण देणं म्हणतात. पाणी लवकर सोडलं तर नुसता पाला फुटतो, फूल दिसत नाही. उशीर झाला तर फांद्यांना सल लागते, शेंड्याकडून वाळत येतात. सगळा खेळ त्या नेमक्या दिवसाचा असतो.

ह्या दिवसांत बाग फार गप्प असते. विहिरीवरची मोटार बंद, ठिबकच्या नळ्या उन्हात कोरड्या पडलेल्या, पायाखाली पानं कुरकुरतात. सकाळी गार वारा सुटतो आणि शेजारच्या रानातून ओल्या तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास येतो. आमच्या भागातल्या माणसांना हे दिवस आले की हुरडा आठवतो, गूळ-शेंगदाणे आठवतात. मला रॉकेलमध्ये धुतलेल्या बेअरिंगचा वास आठवतो, आणि एक खुडूक कोंबडी.

दोन वर्षांपूर्वीच्या ताणाची ही गोष्ट. गोष्ट तरी कसली, माझ्या लबाडीचा तो एक हंगाम होता.

माझे वडील, नाना, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. वडीगोद्रीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे नाना आणि बाई, म्हणजे माझी आई, असे दोघंच राहतात. मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात कामाला, शनिवार-रविवारी गावी जाणारी. नानांची स्वतःची बाग काही फार मोठी नाही. पण पंचक्रोशीत कुणाच्याही मोसंबीचा ताण कधी तोडायचा, म्हणजे पाणी पुन्हा कधी सोडायचं, हे नाना सांगत. बागेत जायचं, चार झाडांखाली उकिडवं बसायचं, मातीचं ढेकूळ फोडायचं, एक पान तोडून कानाजवळ नेऊन मोडायचं आणि म्हणायचं, "आजून आठ दिवस." झालं. त्या आठ दिवसांत नववा होत नसे. ह्याचे ते काही घेत नसत, घरी येताना मात्र मिशीला पीळ देत येत.

आणि हे सगळं होई त्यांच्या फटफटीवर. माझ्या जन्माआधीची ती गाडी. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, काळी टाकी, आणि तिची एक गंमत अशी की किक आणि गिअर हा एकच दांडा. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा, झाला गिअर. नवखा माणूस बसला तर किक शोधत बसायचा. तिचा आवाज दोन शेतांवरून ओळखू यायचा. लोक म्हणत, नाना यायच्या आधी नाना ऐकू येतात. कुत्रीसुद्धा भुंकत नसत, बाजूला होत.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला कुणीतरी अर्ध्या डांबरी रस्त्यावर मका वाळत घातला होता आणि गाड्यांनी तुडवू नये म्हणून कडेनं दगड मांडले होते. आमच्याकडे हा रिवाजच आहे. रस्ता सरकारचा, ऊन देवाचं, मका आपला. नाना वळणावरून आले, समोरून टेम्पो आला. दगड चुकवायला गेले तर मक्यातून जावं लागलं असतं. एखादा शहाणा माणूस मक्यातून गेला असता. नाना म्हणतात, "दुसऱ्याच्या धान्यावर चाक घालू का मी?" त्यांनी गाडी सरळ पुलाच्या कठड्यावर घातली.

मका वाचला. नानांचं डावं मनगट मोडलं. गाडीचा पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, आत वळून इंजिनाला टेकला, चाक तळलेल्या पापडासारखं झालं, हेडलाइटच्या काचा कठड्याखाली ओढ्यात गेल्या. मका वाळत घालणारा बिचारा स्वतःच नानांना दवाखान्यात घेऊन गेला, आणि आठ दिवसांनी शेर-दोन शेर मका घरी आणून दिला. बाईनं तो कोंबड्यांना घातला.

मनगटाला प्लास्टर बसलं तेव्हा मी नानांच्या खाटेशेजारी बसले होते. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी फार भीती वाटली. मनगटाच्या जागी डोकं असतं तर, हा विचार जाईना. गाडी मात्र वडीगोद्रीला हायवेच्या कडेला सत्तारभाईंच्या गॅरेजवर पोचली होती. सत्तारभाई साठीतले, नानांची गाडी तरुणपणापासून तेच बघत आलेले. संध्याकाळी मी एकटीच गॅरेजवर गेले आणि आयुष्यातलं पहिलं कारस्थान केलं.

"सत्तारभाई, ही गाडी नीट नाही झाली तर बरं होईल."

सत्तारभाईंनी पाना खाली ठेवला. "म्हंजी ताई?"

"म्हणजे पार्ट मिळत नाहीत म्हणा. जुनी गाडी आहे. खरंच तर मिळत नाहीत."

"बराबर हाय. न्हाईच मिळत." ते थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. "नाना फोन करंल मला. रोज करंल."

"रोज सांगा."

"झूट बोलायचं म्हंता?"

"झूट कुठे? नाहीच मिळत ना."

"हाव, त्ये बी खरंच," सत्तारभाई म्हणाले आणि त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. मला बरं वाटलं. घरी आले तर बाईनं स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेतलं. तिनं दुपारीच शेजारणीच्या फोनवरून सत्तारभाईंना निरोप धाडला होता, "ती फटफटी दारात आली तर मी दारात न्हाई." आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघून इतक्या खूश झालो की बाईनं त्या दिवशी शिरा केला. नानांना वाटलं आजारी माणसासाठी केलाय.

पहिला आठवडा छान गेला. नाना सत्तारभाईंना फोन करत, सत्तारभाई "पार्ट न्हाई नाना, औरंगाबादला बी पुसलं" म्हणत. बागवाल्यांचे फोन नानांना येत. दिवसाला दहा तरी. व्हिडिओ कॉल असला की नाना उजव्या हातात फोन धरून ओरडत:

"पान दाखव मला, पान! तुझं तोंड दिसून राह्यलं! उलटा धर! हां. आता तुझ्या बैलाचं तोंड दिसून राह्यलं."

काहीजण पानाचे फोटो पाठवत. नाना फोटो लांब धरून, जवळ धरून बघत आणि वैतागत. "फोटूत पान कसं मोडावं?" ते मला म्हणाले. "पान मोडल्याबिगर आत पाणी किती हाय ते कळत न्हाई. आवाज आला पायजे." एकदा एकानं खरंच फोनजवळ पान मोडून आवाज ऐकवला. नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "परत मोड." त्यानं पाच पानं मोडली. शेवटी नाना म्हणाले, "पान बरं हाय, पर तुझ्या फोनचा स्पीकर गेलाय."

एका रविवारी मी त्यांना माझ्या कारमधून एका बागेत नेलं. मला वाटलं, प्रश्न सुटला. बागवाल्यानं पळत येऊन खुर्ची टाकली, चहा सांगितला, पोरांना नमस्कार करायला लावला. नाना तासभर त्या खुर्चीत बसले. झाड त्यांना दुरून दाखवलं. परत येताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कारातनं उतरलेल्या माणसाला चहा देतेत, वर्षा पोरी. झाड न्हाई दाखवत." मी म्हटलं, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जा. तर म्हणाले, "मागं बसलं की त्याचं घाईत असतं. मला एका झाडाखाली अर्धा तास बसायचं असतं, त्याला बिडी संपली की निघायचं असतं."

दुसऱ्या आठवड्यात फोन दहावरून पाचावर आले. वडीगोद्रीच्या एका शेती-औषधांच्या दुकानदारानं सगळ्यांना पाणी सोडायची एकच तारीख सांगायला सुरुवात केली होती, हलकी जमीन असो की भारी. लोक तरी काय करतील? दुकान रस्त्यावरच आहे. नाना खाटेवर फोन उशाशी घेऊन बसत. मधूनच तो उचलून बघत की चालू आहे ना. मला एकदा म्हणाले, तू तुझ्या फोनवरून मला फोन कर बरं. मी केला. वाजला. "हां, चालू हाय," म्हणाले आणि ठेवून दिला.

ते दृश्य मी बघितलं होतं, तरीही सत्तारभाईंना दिलेला निरोप मी बदलला नाही. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा मला वाटत होतं, माणूस जिवंत असणं हे पहिलं, बाकी सगळं नंतर.

पण रिकामा बसलेला हुशार माणूस स्वस्थ बसत नाही. नानांनी त्याच फोनवरून चाळीस वर्षांत पाहिलेल्या सगळ्या बागांना उलटे फोन सुरू केले. बाग विचारायची आणि हळूच पुसायचं, "तुमच्याकडं कुणाकडं माझ्यावानी गाडी पडून हाय का?" चौथ्या दिवशी सापडली. वाटूरला एका निवृत्त तलाठ्यांच्या गोठ्यात तशीच गाडी वर्षानुवर्षं उभी होती. इंजिन जाम, टाकी गंजलेली, पण पुढचा फोर्क आणि चाक शाबूत. तलाठी म्हणाले, घेऊन जा, तेवढीच म्हशीला जागा होईल.

माझं पार्ट न मिळण्याचं धोरण एका फोनात संपलं. शनिवारी मी, सत्तारभाई आणि प्लास्टरातले नाना असे टेम्पो घेऊन वाटूरला गेलो. गोठ्यात शिरलो तर गाडीच्या कॅरिअरवर एक टोपली बांधलेली, आणि टोपलीत एक कोंबडी अंग फुगवून बसलेली.

"खुडूक बसलीय," तलाठ्यांच्या पत्नी म्हणाल्या. "अंड्यावर हाय. हलवायची न्हाई."

"टोपली उचलून दुसरीकडं ठेवू की," नाना म्हणाले.

"जागा हलली की उठती ती. मागच्या टायमाला हलवली तर सगळी अंडी वाया गेल्ती. दहा-बारा दिवस थांबा, पिल्लं निघू द्या, मंग गाडी तुमचीच."

नानांनी तलाठ्यांकडे पाहिलं. तलाठ्यांनी म्हशीकडे पाहिलं. घरात त्यांचं किती चालतं ते आम्हाला कळलं. आम्ही चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन परत आलो. वाटेत नाना कोंबडीच्या जातीला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी मात्र खिडकीशी बसून मनातल्या मनात त्या कोंबडीला नमस्कार केला. नानांच्या बाजूनं चाळीस वर्षांतल्या सगळ्या बागा होत्या, माझ्या बाजूनं ती एकटी बसली होती.

ते बारा दिवस बाईला जड गेले. मी शहरात, नाना घरात. घरात म्हणजे स्वयंपाकघरात. चाळीस वर्षं जो माणूस चहा पिऊन बाहेर पडला तो अंधार पडायच्या आत दिसला नाही, तो आता ओट्याशेजारी स्टूल टाकून बसला. फोनवर बाईच्या तक्रारी सुरू झाल्या.

"सकाळपासनं डब्यांची झाकणं उघडून वास घेऊन राह्यलेत. हळद जुनी हाय म्हंतेत."

दुसऱ्या दिवशी: "कुकरला तीन शिट्ट्या कशाला, दोनात होतंय म्हंतेत. दोन केल्या, डाळ कच्ची राह्यली. तर म्हंतेत डाळीचाच वाण खराब."

तिसऱ्या दिवशी तर तिचा आवाजच बारीक झाला होता. "पोरी, आज माझ्या पोळीखाली हात घालून पाह्यला. म्हंतेत, ह्या बाजूला ओल जास्त हाय."

मी हसले. बाई हसली नाही.

कोंबडीनं सात पिल्लं काढली. आम्ही पुन्हा वाटूरला गेलो आणि गाडी टेम्पोत चढवून वडीगोद्रीला आणली. गॅरेजच्या दारात ती नानांच्या मोडक्या गाडीशेजारी उभी राहिली. नानांनी दोघींच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकली. "चल सत्तार, खोल. जल्दी."

सत्तारभाई म्हणाले, "खोलायच्या आधी एक किक."

हा त्यांचा नेम होता. कोणतीही गाडी पार्टसाठी आली की आधी तिचा प्लग पुसायचा, चमचाभर तेल-पेट्रोल द्यायचं, बॅटरी जोडायची आणि एकच किक मारायची. नाही चालू झाली तर खोलायची. "आमच्या उस्तादनं शिकवलं," ते म्हणाले. "मेली का न्हाई ते पाह्यल्याबिगर सोलायचं न्हाई." इंजिन जाम असल्याचं तलाठ्यांनी सांगितलंच होतं. सत्तारभाईंनी नेम म्हणून दांड्यावर पाय ठेवला आणि वजन टाकलं.

गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर निघाला, धुरातून गवताच्या काड्या आणि कोंबडीची पिसं निघाली, आणि वाटूरची गाडी फटफट करत उभ्या उभ्या थरथरू लागली. शेजारचा पंक्चरवाला टाळ्या वाजवायला लागला. इंजिन जाम नव्हतंच. तलाठ्यांच्या पायाला जोर नव्हता.

सत्तारभाईंनी चावी बंद केली आणि हात पुसले. "नाना, ही जिती हाय. मी हिला खोलत न्हाई."

"आरं, मला इंजिन कुठं पायजे? पुढचं चाक दे!"

"जित्या गाडीचे हात तोडू का? न्हाई. बिलकुल न्हाई. हीच चालवा की."

"लोकाची गाडी मी चालवू?"

नाना तीन दिवस रोज टमटमनं गॅरेजवर जात, खुर्चीत बसत, रागावत आणि परत येत. सत्तारभाई पाणी देत, चहा देत, चाक देत नसत. मला हा नियम इतका आवडला की मी ऑफिसात तो दोघांना समजावून सांगितला. संक्रांत आठवड्यावर आली होती. नानांचे फोन दिवसाला एक-दोन उरले होते, तेही बहुतेक तब्येत विचारणारे. हंगाम एकदा टळला की पुढच्या वर्षी कोण कुणाला विचारतं? मी मनाशी म्हणत होते, टळू दे.

रविवारी सकाळी बाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभी. "गाडी काढ तुझी. सत्तारभाईकडं जायचं."

मला वाटलं, आता हा विषय कायमचा मिटवायला चालली आहे. नाना आधीच तिकडे खुर्चीत बसलेले होते. बाई आयुष्यात पहिल्यांदा त्या गॅरेजात पाय ठेवत होती. सत्तारभाई गडबडीनं उठले. बाईनं वाटूरच्या गाडीभोवती एक फेरी मारली, खरेदीला आलेल्या गायीभोवती मारावी तशी.

"भाई, ही जिती हाय म्हणून तुमी हात लावंना म्हंता?"

"हाव भाभी. उस्तादची शिकवण हाय."

"माझा बाप रोपवाटिका करायचा, ठावं हाय ना?" बाईचं माहेर अंबडकडचं, मोसंबीच्या कलमांचं. "जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा बांधायचा. ती डोळ्याची काडी कुठून आणायचा? वाळल्या झाडाची?"

"न्हाई भाभी. चांगल्या झाडाची."

"काडी काढली म्हणून ते झाड मरतं?"

"न्हाई मरत."

"मंग! जितं झाड हाय म्हणूनच त्याची काडी घेतेत. मेल्या झाडाची काडी कुठं लागती का? तुमी फोर्क काढा, चाक काढा, बाकीची गाडी इटा लावून उभी ठिवा. इंजिन तसंच राहू द्या. जिती राह्यली पायजे ती. बस."

हायवेवरून दोन ट्रक गेले. नाना खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसले होते. सत्तारभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि तेरा-चौदाचा पाना उचलला.

परतताना मी बाईला म्हटलं, "तू तर म्हणत होतीस, गाडी दारात आली तर मी दारात नाही."

"गाडी दारात न्हाई आली तर ह्येच घरात हायेत, पोरी," बाई म्हणाली. थोड्या वेळानं, बाहेर बघत, वेगळ्या आवाजात म्हणाली, "काल फोन वाजला तर पळत गेलेत. चुकीचा नंबर होता. तरी त्याला इचारलं, तुमच्याकडं मोसंबी हाय का."

त्यानंतरचे पाच-सहा दिवस मी रजा काढून गावीच राहिले. कशासाठी, ते मलाही नीट कळत नव्हतं. आता मागे वळून पाहिलं की तेच दिवस सगळ्यात जास्त आठवतात. सकाळचं तिरपं ऊन गॅरेजच्या पत्र्यावरून खाली यायचं. रॉकेलच्या ट्रेमध्ये बेअरिंगच्या गोळ्या चमकायच्या. वाटूरचा फोर्क नानांच्या गाडीला बसवताना सत्तारभाई एक डोळा मिटून दुरून बघायचे, चाक फिरवून तारा एकेक करून आवळायचे आणि प्रत्येक तारेवर पान्यानं टिचकी मारून आवाज ऐकायचे. नानाही कान पुढे करायचे. एक पानाचा आवाज ऐकणारा, एक तारेचा. दोघं म्हातारे चाकावर वाकून गप्प बसलेले असत आणि मला त्या गप्प बसण्याचा हेवा वाटे. ऑफिसातल्या माझ्या कामात मी काहीच असं कान लावून ऐकत नाही.

वाटूरच्या गाडीचा मडगार्ड निळा होता. रंग देऊ म्हटलं तर नाना म्हणाले, "राहू दे. कलम कुठं बांधलं ते दिसलं पायजे." तिचं उरलेलं धड विटांवर उभं राहिलं आणि सत्तारभाई दर शुक्रवारी तिला एक किक मारू लागले. अजूनही मारतात.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी गाडी झाली. प्लास्टर आदल्याच आठवड्यात निघालं होतं. नाना पांढरा शर्ट, मफलर अशा थाटात आले. बाई आली. मी जालन्याहून एक नवं हेल्मेट आणलं होतं, ते हातात धरून उभी. नाना गाडीवर बसले, किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी बोलली. आवाज तोच. पंक्चरवाल्याचं कुत्रं उठून बाजूला झालं.

नानांनी दांडा पुढे वळवला आणि डावा हात क्लचवर ठेवला. बोटं आवळली. क्लच अर्ध्यावर येऊन थांबला. त्यांनी हात काढला, पायजम्याला पुसला, पुन्हा आवळला. पुन्हा अर्ध्यावरच. मग ते आरसा बघत असल्यासारखं करायला लागले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, मनगटात पूर्वीचा जोर येईल की नाही सांगता येत नाही. आम्ही सगळे गाडीच्या हाडांमागे होतो, हे हाड विसरलो होतो.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर सुटलो. गाडी नीट झाली, कुणाचंही मन मोडलं नाही आणि नाना घरी राहणार. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते, बागेत सल लागलेल्या फांदीकडे बघतात तसे. कुठपर्यंत वाळलीय, कुठून छाटावी लागेल, असं. इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. नानांनी तो काढला नाही. वाजून वाजून बंद झाला.

सत्तारभाई माझ्याजवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, ह्या गाडीची एक गोष्ट हाय. गिअरचा दांडा दाबला की आतल्या आत क्लच सुटतो. हाताची गरजच न्हाई. पाय हळू सोडला की गाडी उचलती. नानाचा त्यो भाग झिजल्ता, म्हणून त्याला जिंदगीभर कधी कळलंच न्हाई. चहाचा कप धरताना त्याचा हात पाह्यला मी, तवाच सेट करून ठिवलाय. पर तुमी पयल्या दिवशी मला सांगितल्तं. तुमी म्हणाल तसं. सांगू, का ऱ्हाऊ देऊ?"

साठीतला तो माणूस माझा शब्द अजून पाळत होता. माझ्यासमोर हायवे होता, ट्रक होते, वळणं होती, प्रत्येक वळणावर कुणाचा तरी मका होता. ऱ्हाऊ द्या, एवढंच म्हणायचं होतं. कुणालाही कधी कळलं नसतं.

मी पुढे गेले. "नाना," मी म्हणाले, "हात सोडा. नुसता पायानं दांडा दाबा. आणि पाय हळू उचला."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तारभाईंकडे पाहिलं. दांडा दाबला, पाय उचलला. गाडी एकदम पुढे उडाली, दहा पावलं लटपटली, बाईनं डोळे झाकले, आणि मग ती सरळ झाली आणि निळा मडगार्ड पुढे घेऊन बागांच्या रस्त्याला लागली.

"हेल्मेट!" बाई ओरडली.

हेल्मेट माझ्याच हातात होतं. मी चपला सावरत रस्त्याच्या कडेनं पळत सुटले, "नाना, हेल्मेट! हेल्मेट!" पंक्चरवाला हसत होता, एसटीच्या खिडक्यांतून लोक माना काढून बघत होते. नाना थांबले नाहीत. निघायचं कसं ते सांगितलं, थांबायचं कसं ते कुणी सांगितलं होतं, असं ते आजही म्हणतात. मी बरीच लांब पळाले. पुढे मला धाप लागली, पण आवाज अजून येत होता, म्हणून मी पळतच राहिले. आणि पळताना मला कळत होतं की मी त्यांना थांबवायला पळत नव्हते.